खूण करणाऱ्याची शंका

यंत्राला चित्रे ओळखायला शिकवायचे तर आधी कुणालातरी हजारो चित्रांवर खुणा करून द्याव्या लागतात. ही मोटार, हा माणूस, इथे रस्ता संपतो. अ‍ॅनोटेशन म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या कामाच्या सॉफ्टवेअरमध्ये सतत नव्या सोयी येत असतात आणि त्यांचे कौतुक बहुधा एकाच मापाने होते : एका खुणेमागे किती सेकंद वाचले. या धंद्याचा इतिहाससुद्धा त्याच मापाने सांगायची सवय पडली आहे. मला हे माप अपुरे वाटते. खूण करताना हात रेघ ओढतो आणि डोके निवाडा करते. गेल्या वीस वर्षांतल्या सोयींनी हाताचा भार झपाट्याने हलका केला, निवाड्याचा भार मात्र फारसा हलला नाही. तो निवाडा कुणी केला, किती खात्रीने केला, याची नोंद ठेवणाऱ्या सोयी या धंद्यात पूर्वीपासून होत्या. वेगाच्या हिशेबात त्या मागे पडल्या आणि त्याची किंमत आता दिसू लागली आहे.

हे काम संगणकाच्या आधीचे आहे. १९४७ साली ब्रिस्टल विद्यापीठात सेसिल पॉवेल यांच्या गटाने पायॉन हा कण शोधला, तो फोटोग्राफिक इमल्शनमध्ये उमटलेल्या सूक्ष्म रेषांवरून. सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून तासन्‌तास त्या रेषा हुडकणाऱ्या बहुतेक स्त्रिया होत्या, आणि पॉवेल यांच्या गटाच्या लेखांत छायाचित्रासोबत ती घटना जिच्या नजरेने टिपली तिचे नाव छापले जाई. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतही बर्नार्ड पीटर्स यांच्या आगमनानंतर, १९५०च्या दशकात, बलूनमधून इमल्शनचे थर वर पाठवून असेच काम चालले. ब्रिस्टलला पॉवेल यांच्याबरोबर काम केलेले एम. जी. के. मेनन पुढे याच संस्थेत आले. कणांच्या वाटा बुडबुड्यांच्या रेषांनी दाखवणाऱ्या बबल चेंबरचा काळ आला तेव्हा छायाचित्रे लाखांनी निघू लागली आणि प्रश्न उभा राहिला की माणूस ठेवायचा की काढायचा. बर्कलीत लुई अल्वारेझ यांनी अशी यंत्रे पसंत केली की जी मोजमाप सोपे करतील पण ओळखण्याचे काम माणसाकडे ठेवतील. सर्नमध्ये ल्यू कोवार्स्की यांचा कल माणसाला या साखळीतून शक्य तितके वगळण्याकडे होता. आजचा वाद त्याच वादाची पुढची पायरी आहे.

संगणकीय दृष्टीच्या क्षेत्रात ही परंपरा आरंभी टिकून होती. २००१ साली बर्कलीतल्याच संशोधकांनी एकेक चित्र अनेक माणसांना देऊन त्याचे भाग पाडून घेतले आणि सगळ्यांच्या सीमारेषा जपून ठेवल्या. माणसे वेगवेगळ्या रेघा ओढतात, पण त्या सहसा एकमेकींना छेद देत नाहीत. एकजण जिथे अख्खे घर पाहतो तिथे दुसरा दार आणि खिडक्या वेगळ्या काढतो. ही महत्त्वाची गोष्ट हाती आली ती मतभेद पुसला नाही म्हणूनच. २००५ ते २०१२ या काळात युरोपात चाललेल्या पास्कल व्हीओसी स्पर्धेने लिखित नियमावली केली आणि वस्तूभोवती ओढलेल्या प्रत्येक चौकटीसोबत काही खास खुणा ठेवल्या : वस्तू कडेला कापली गेली आहे का, ती ओळखणे अवघड आहे का. ‘अवघड’ ठरलेल्या वस्तू गुणांकनात धरल्या जात नसत. खूण करणाऱ्याला ‘मला इथे खात्री नाही’ असे अधिकृतपणे म्हणता येत होते. या सोयीला मी वस्तूची कड झटपट आखण्याच्या कुठल्याही युक्तीइतकेच मोल देतो.

मग बाजार आला. अ‍ॅमेझॉनने २००५ साली मेकॅनिकल टर्क सुरू केले आणि खुणांचे काम तुकड्या-तुकड्याने जगभर वाटता येऊ लागले. इमेजनेट हा चित्रसंग्रह त्यावरच उभा राहिला. ४८,९४० कामगार, १६७ देश, आणि शेवटी १ कोटी ४० लाखांच्या आसपास चित्रे. टर्कवरच्या कामगारांच्या एका पाहणीत २००९च्या अखेरीस ३६ टक्के भारतीय होते, म्हणजे हा इतिहास आपल्यापासून दूर घडलेला नाही. इमेजनेटच्या कर्त्यांना शंकेची जाण होती. नुसती मांजर ओळखायला थोडी मते पुरतात, बर्मी मांजर ओळखायला जास्त लागतात, हे मोजून त्यांनी वर्गागणिक मतांची संख्या ठरवली. पण जगाच्या हाती पडला तो बहुमताचा निकाल, एका चित्राला एक नाव. २०१४ च्या कोको या संग्रहात सीमारेषांचे काम इतके अवघड ठरले की १,००० वस्तूंच्या कडा आखायला २२ तास लागत. अशा वेळी सेकंद वाचवण्याचा ध्यास लागणे स्वाभाविक होते. २०१७ मध्ये चौकट ओढण्याऐवजी वस्तूच्या चार टोकांवर क्लिक करण्याची पद्धत निघाली आणि एका चौकटीचा वेळ सुमारे सात सेकंदांवर आला. ही खरोखर सुंदर कल्पना होती, कारण चौकटीचा कोपरा हवेत असतो तर टोक वस्तूवरच असते.

यावर पहिला आक्षेप असा येईल की वेग नसता तर हे संग्रहच झाले नसते, आणि संग्रह नसते तर आजची यंत्रे नसती. हे मान्य आहे. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. लाखो खुणांत काही चुकल्या तरी यंत्र सरासरीतून शिकते, मग प्रत्येक शंकेची नोंद कशाला? शिकवण्याच्या चित्रांपुरते यात बरेच तथ्य आहे. पण परीक्षा घेण्यासाठी राखलेल्या चित्रांतही त्याच पद्धतीने खुणा होतात. २०२१ साली नॉर्थकट, अथाल्ये आणि म्यूलर यांनी दहा नावाजलेल्या संग्रहांचे परीक्षा-संच तपासले तेव्हा सरासरी किमान ३.३ टक्के नावे चुकीची निघाली, आणि इमेजनेटमध्ये हे प्रमाण ६ टक्क्यांच्या घरात होते. अशा चुका पुरेशा वाढल्या तर लहान आणि मोठ्या यंत्रांमधली सरस-निरस ठरवण्याची क्रमवारीच उलटू शकते, हेही त्यांनी दाखवले. मापाची पट्टी वाकडी असेल तर सरासरी मदतीला येत नाही.

व्हिडिओत हा प्रश्न आणखी टोकदार होतो. प्रत्येक फ्रेमवर चौकट ओढणे अशक्य, म्हणून काही निवडक फ्रेमवर (कीफ्रेमवर) माणूस चौकट ओढतो आणि मधल्या फ्रेम यंत्र भरते. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अर्व्हाइन शाखेत तयार झालेल्या व्हॅटिक या साधनाने हे काम बाजारातल्या कामगारांकडून करून घेण्याजोगे केले. त्याच्या फायलीत प्रत्येक चौकटीपुढे तीन छोटे रकाने असत. वस्तू दृश्याबाहेर गेली का, ती झाकली गेली का, आणि ही चौकट माणसाने ओढली की यंत्राने भरली. सायकलस्वार बसच्या आड गेला आणि चार सेकंदांनी पलीकडून निघाला, तर मधल्या फ्रेममधला सायकलस्वार हा कुणाचा तरी अंदाज असतो, पाहिलेली गोष्ट नसते. तो तिसरा रकाना ही सीमा जपत होता. इंटेलने २०१८ साली खुले केलेल्या सीव्हॅटमध्येही ‘ऑक्लूडेड’ आणि ‘आउटसाइड’ या खुणा आहेत. पण संग्रह एका साच्यातून दुसऱ्या साच्यात नेताना असले रकाने सर्वात आधी गळतात, कारण शिकणाऱ्या यंत्राला चौकटीचे चार आकडे आणि एक नाव एवढेच हवे असते.

शंकेला जागा दिली तर काय साधते, याचे उत्तम उदाहरण भारतातच आहे. मुख्यतः जर्मन शहरांवर बेतलेल्या सिटीस्केप्स या संग्रहात रस्ता, फुटपाथ आणि वाहने स्वच्छ वेगळी होती, आणि बारकाईने आखलेल्या एका चित्राला सरासरी दीड तासाहून जास्त वेळ लागला होता. हैदराबादच्या ट्रिपल आयटीने इंटेलच्या साथीने हैदराबाद, बंगळुरू आणि त्यांच्या आसपासच्या रस्त्यांवर इंडिया ड्रायव्हिंग डेटासेट तयार केला तेव्हा ती विभागणी पुरेना. १०,००४ चित्रांवर ३४ वर्गांच्या खुणा झाल्या. त्यात ऑटोरिक्षाला स्वतःचा वर्ग मिळाला. मला त्याहून मोलाची वाटते ती दुसरी तरतूद. डांबर कुठे संपते आणि माती कुठे सुरू होते हे सांगता येत नाही अशा, पण गाडी जाऊ शकेल अशा जागेसाठी वेगळा वर्ग, कुठल्याच नावात न बसणाऱ्या वाहनांसाठी वेगळा वर्ग, आणि या सगळ्यांची उतरंड, म्हणजे बारीक नावाबद्दल खात्री नसली तरी वरच्या पातळीवर बरोबर उत्तर देता येते. खूण करणाऱ्यांची अडचण इथे वर्गांच्या रचनेतच उतरली. हीच चित्रे युरोपीय यादीत कोंबली असती तर रस्त्याच्या कडेची माती कुणी फुटपाथ म्हणून आखली असती, कुणी रस्ता म्हणून, आणि दोन्ही उत्तरे खात्रीची दिसली असती.

आता तिसरा आक्षेप उरतो. यंत्रेच आखू लागली आहेत, मग माणसाच्या निवाड्याची चर्चा जुनी झाली, असे म्हटले जाते. २०२३ मध्ये मेटाने सेगमेंट एनीथिंग हे मॉडेल आणि १.१ अब्ज मास्कचा, म्हणजे कडेनुसार आखलेल्या आकारांचा, संग्रह प्रसिद्ध केला. त्यातले ९९.१ टक्के मास्क यंत्राने आपोआप काढलेले होते. दर्जाही चांगला होता. ५०० चित्रांतले सुमारे ५०,००० मास्क तज्ज्ञांकडून सुधारून घेतले तेव्हा ९४ टक्के मास्क मूळ मास्कशी ९० टक्क्यांहून जास्त जुळले. मात्र ते मास्क बिननावाचे आहेत. पहिल्या टप्प्यात माणसांना ज्याला नाव देता येईल किंवा ज्याचे वर्णन करता येईल ते आखा असे सुचवले होते, ती नावे मात्र गोळा केली नाहीत. कड सापडणे आणि ती कशाची कड आहे हे ठरणे या दोन गोष्टी तिथे पूर्ण सुट्या झाल्या. २०२४ च्या पुढच्या आवृत्तीत हेच व्हिडिओवर आले आणि एका फ्रेममागचा वेळ टप्प्याटप्प्याने ३७.८ सेकंदांवरून ४.५ सेकंदांवर उतरला. तरी फ्रेममागून फ्रेम आखलेला वस्तूचा प्रत्येक मागोवा दुसऱ्या माणसापुढे जाई आणि तो समाधानकारक आहे की नाही एवढेच त्याने सांगायचे असे. न पटलेला मागोवा दुरुस्तीसाठी परत जाई.

म्हणजे माणूस गेला नाही, आखणाऱ्याच्या जागेवरून तपासणाऱ्याच्या जागेवर आला. तपासणाऱ्यापुढची चौकट आधीच भरलेली असते, ती बहुतेक वेळा बरोबरही असते, आणि पुढे रांग उभी असते. अशा वेळी होकार देणे सोपे आणि हरकत घेणे महाग. काही साधनांत आता एकच काम अनेकांना देऊन मतभेद मोजता येतो, पण शेवटी तो मिटवून एक उत्तर पुढे पाठवले जाते. तपासणाऱ्याच्या पडद्यावर ‘सांगता येत नाही’ हे तिसरे बटण असावे, ते दाबल्याबद्दल मजुरी कापली जाऊ नये, वेगवेगळी उत्तरे अंतिम फायलीत वेगवेगळीच राहावीत, आणि कुठली रेघ माणसाची व कुठली यंत्राची हे सांगणारा व्हॅटिकचा तो रकाना प्रत्येक साच्यात परत यावा. तांत्रिकदृष्ट्या यातले काहीच अवघड नाही. दर रेघेमागे थोडीशी जास्त जागा आणि काही सेकंद, एवढाच त्याचा खर्च आहे.