बंदुकीचें मुख : धक्का व स्फोट यांच्या इतिहासाचें एक साधन

शस्त्रागारांच्या जुन्या याद्यांवरून तोफा, जेजाला, जंबुरे यांची संख्या कळते. पण त्यांचा धक्का कोणीं व कसा सोसला, हें यादींत सांपडत नाहीं. तें शस्त्राच्या अंगावरच वाचावें लागतें. अस्सल कागदाप्रमाणें शस्त्र हेंही इतिहासाचें साधन आहे. प्रस्तुत टिपणांत आम्ही रणगाड्यांवर झाडावयाच्या तीन बंदुका पुढें ठेवून एवढेंच दाखविणार आहों कीं, नळीच्या तोंडावर बसविलेल्या मुखरोधकानें, म्हणजे मझल ब्रेकनें, धक्का फुकट कमी होत नाहीं. खांद्याचें ओझें कांहीं अंशीं कानांवर व शेजाऱ्यावर जातें.

प्रथम तत्त्व पाहूं. गोळी पुढें जाते म्हणून बंदूक मागें येते. न्यूटननें १६८७ मध्यें प्रसिद्ध केलेला तिसरा नियम तो हाच. परंतु गोळीमागोमाग जळलेल्या दारूचा वायुही अतिवेगानें बाहेर पडतो व धक्क्यांत भर घालतो. गोळीच्या वांट्यास मुखरोधक हात लावूं शकत नाहीं. वायूस मात्र आडवे पडदे घालून बाजूस वळवितां येतें. वायु पडद्यांवर आदळला म्हणजे बंदूक पुढें ओढली जाते. रोधकाचीं तोंडें जितकीं मागें कललेलीं, तितका धक्का कमी. पण तितकाच स्फोटाचा दाब बंदूकधाऱ्याकडे परततो. तोंडें वर असल्यास नळी उसळत नाहीं. खालीं असल्यास धूळ उडते.

आतां साक्षी. पहिली जर्मनीची १९१८ ची माउझर. गोळी सुमारें ५१ ग्रॅम, वेग सेकंदास सुमारें ७८५ मीटर. हिला मुखरोधक नाहीं, स्प्रिंग नाहीं. सोळा किलोंच्या आसपासचें वजन व शिपायाचा खांदा हेच तिचे आधार. तिच्या धक्क्याची कुप्रसिद्धि झाली यांत नवल नाहीं.

दुसरी ब्रिटनची ०.५५ इंची बॉइज, १९३७ सालीं स्वीकारलेली. हिला मुखरोधक, मागें सरकणारी नळी, स्प्रिंग व दस्त्यास गादी, असे चारही उपाय केले होते. तरी ती झाडणें सुखाचें नव्हतें. इंग्लंडांत झालेल्या पहिल्या नमुन्याचा रोधक वाटोळा, तर मुख्यतः कॅनडांतील टोरांटो येथें झालेल्या पुढील नमुन्याचा हार्मोनिकासारखा चौकोनी आहे. संग्राहकांस ही खूण उपयोगी पडेल.

तिसरी रशियाची १९४१ ची देग्त्यारेव. गोळी ६४ ग्रॅम, वेग सेकंदास सुमारें १,०१२ मीटर. म्हणजे गोळीचा संवेग माउझरच्या दीडपटीहून अधिक. तरी वजन केवळ सतरा किलोंच्या आसपास. पेटीसारखा मुखरोधक व मागें सरकणारी नळी नसती, तर इतकी दारू मनुष्याच्या खांद्यावर पेलली नसती. किंमत मात्र निराळ्या ठिकाणीं द्यावी लागली. प्रत्येक बारास उठणारी धूळ व ज्वाला दडलेल्या शिपायाचें ठिकाण शत्रूस दाखवी.

कानांची किंमत तर दिसतही नाहीं. आघाती आवाजाची १४० डेसिबेल ही धोक्याची मर्यादा आज मानतात. साधी रायफल मुखरोधकावांचूनही ती ओलांडते. त्यांत सहा डेसिबेलांची भर क्षुल्लक वाटेल. पण तेवढ्यानें दाब दुप्पट होतो. खांद्याचा वळ कांहीं दिवसांत जातो. गेलेलें श्रवण परत येत नाहीं.

म्हणून संग्राहकांस आमची विनंति अशी कीं, बंदुकीचें वर्णन लिहितांना ठसे व क्रमांक यांवरच न थांबतां मुखाचीही नोंद करावी : रोधकाचीं तोंडें किती, कोणत्या दिशेस, मागें कललेलीं कीं सरळ, रोधक मूळचा कीं मागाहून बसविलेला, काढला असल्यास नळीवर आटे उरले आहेत काय. शस्त्र कोणीं बनविलें हें ठशांवरून कळेल. तें झाडतांना कोणीं काय सोसलें, हें या नोंदींवांचून कळणार नाहीं.