संसदीय कामकाजाचे थेट प्रक्षेपण (भारत)

संसदीय कामकाजाचे थेट प्रक्षेपण म्हणजे लोकसभा व राज्यसभा या भारतीय संसदेच्या दोन्ही सभागृहांचे कामकाज दूरचित्रवाणी आणि आंतरजालावरून, ते चालू असतानाच नागरिकांना दाखविण्याची व्यवस्था होय. सध्या हे प्रक्षेपण संसद टीव्ही या वाहिनीवरून होते. ही व्यवस्था येण्यापूर्वी सभागृहातील चर्चा पाहण्यासाठी प्रवेशपत्रिका मिळवून प्रेक्षक सज्जात बसावे लागे. इतरांची भिस्त वृत्तपत्रे व आकाशवाणीवर असे.

== पार्श्वभूमी ==
संसदेतील भाषणांचे वृत्त छापणाऱ्यांना कायदेशीर संरक्षण देणारे विधेयक फिरोज गांधी यांनी खासगी सदस्य या नात्याने मांडले. त्यातून १९५६ चा कायदा झाला. आणीबाणीत, १९७६ साली, तो रद्द करण्यात आला व १९७७ मध्ये पुन्हा आणला गेला. पुढे ४४ व्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद ३६१क समाविष्ट करून या संरक्षणाला संविधानात स्थान दिले.

== इतिहास ==
२० डिसेंबर १९८९ रोजी दोन्ही सभागृहांपुढील राष्ट्रपतींचे अभिभाषण प्रथमच दूरदर्शनवरून दाखविले गेले. डिसेंबर १९९१ पासून प्रश्नोत्तराच्या तासाचे ध्वनिचित्रमुद्रण प्रसारित होऊ लागले. सोमनाथ चॅटर्जी लोकसभेचे अध्यक्ष असताना, जुलै २००६ मध्ये, लोकसभा टीव्ही ही स्वतंत्र वाहिनी सुरू झाली. राज्यसभा टीव्ही २०११ मध्ये सुरू झाली. २०२१ मध्ये या दोन्ही वाहिन्यांचे विलीनीकरण झाले आणि १५ सप्टेंबर २०२१ रोजी संसद टीव्हीचे उद्घाटन झाले. यूट्यूबवरही प्रक्षेपण उपलब्ध असल्याने जुन्या चर्चा नंतर पाहता येतात.

== मर्यादा ==
सभागृहातील कॅमेऱ्यांवर संसदेचेच नियंत्रण असते. खासगी वृत्तवाहिन्यांना तेथे स्वतःचे कॅमेरे लावता येत नाहीत. त्यांना संसदेकडून मिळणारे चित्रीकरणच वापरावे लागते. त्यामुळे गदारोळाच्या वेळी काय दाखवावे, हा वादाचा विषय ठरतो. १८ फेब्रुवारी २०१४ रोजी तेलंगण राज्यनिर्मितीचे विधेयक लोकसभेत मंजूर होत असताना थेट प्रक्षेपण बंद पडले. तांत्रिक बिघाड हे त्याचे कारण सांगण्यात आले. ते सर्वांना मान्य झाले नाही.

लोकसभेच्या नियम ३८० नुसार असंसदीय किंवा बदनामीकारक शब्द कामकाजातून वगळण्याचा आदेश अध्यक्ष देऊ शकतात. मात्र असा आदेश निघेपर्यंत ते शब्द थेट प्रक्षेपणातून प्रेक्षकांपर्यंत पोहोचलेले असू शकतात.

संसदीय समित्यांच्या बैठका नियम २६६ नुसार खासगी असतात व त्यांचे प्रक्षेपण होत नाही. विधेयकांची कलमवार छाननी आणि अधिकाऱ्यांची साक्ष बहुधा याच बैठकांत होते. बंद दाराआड सदस्य पक्षभेद बाजूला ठेवून मोकळेपणाने बोलतात, असे या नियमाचे समर्थक मानतात. कायदा घडण्याचा महत्त्वाचा टप्पा नागरिकांच्या नजरेआड राहतो, असा टीकाकारांचा आक्षेप आहे. समितीचा अहवाल सभागृहात मांडला गेल्यावर तो सर्वांना वाचता येतो.