एरान्यीचे घर

वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरीत कामिय पिसारो या फ्रान्समधील चित्रकाराचे एक चित्र आहे. १८९८ सालचे; नाव ‘एरान्यी येथील चित्रकाराची बाग’. त्यात राजवाडा नाही की देवदेवता नाहीत. ऊन पडलेली बाग, फुलांचे ताटवे, मागे घर आणि वाफ्यात वाकून काम करणारी एक बाई. पाहणाऱ्याला वाटते, किती सुखाचे घर! पण हे घर त्या कुटुंबाचे कसे झाले, ती हकीकत निराळीच आहे. ती आपल्या भगिनींना सांगावी म्हणून हा लेख. फ्रेंच नावे जिभेला जड आहेत, माणसे मात्र ओळखीची वाटतील.

पिसारोचा जन्म १८३० साली वेस्ट इंडीजमधील सेंट थॉमस बेटावर, एका ज्यू दुकानदाराच्या घरी झाला. दुकानात मन रमेना, म्हणून १८५५ साली तो पॅरिसला आला. पुढे आईवडीलही तिकडे आले. त्यांच्याकडे ज्यूली वेले नावाची मुलगी कामाला होती. बर्गंडी प्रांतातील द्राक्षमळ्यात राबणाऱ्या कुटुंबातील, धर्माने ख्रिस्ती. दोघांचे मन जुळले. घरच्यांना हे मुळीच पटले नाही. मोलकरीण सून म्हणून कोण पत्करणार? १८६३ साली पहिला मुलगा ल्युसियाँ झाला आणि लग्न लागले ते १८७१ साली, तेही परमुलखात, लंडनला. संसार आधी आणि लग्न मागाहून. नाक मुरडायचे तर खुशाल मुरडावे, पण ज्यूलीने तो संसार मरेपर्यंत निभावला, हेही ध्यानात घ्यावे.

लंडनला जाण्याचे कारण म्हणजे १८७० चे युद्ध. पॅरिसजवळ लुव्हसिएन गावी त्यांचे भाड्याचे घर होते. प्रशियाचे सैन्य चालून आले तेव्हा मुलेबाळे घेऊन निघावे लागले आणि चित्रे मागेच राहिली. परत येऊन पाहतात तो घरात सैनिकांनी तळ दिलेला होता. चिखलात पाय भरू नयेत म्हणून त्यांनी चित्रे बागेत अंथरली होती, असे सांगतात. सुमारे दीड हजार चित्रांपैकी चाळीसच हाती लागली म्हणे. कितीएक वर्षांची मेहनत पायाखाली गेली.

पिसारो, मोने वगैरे मंडळींना पुढे ‘इम्प्रेशनिस्ट’ म्हणू लागले. डोळ्यांना त्या क्षणी जसा उजेड दिसला तसा रंगवायचा, ही त्यांची रीत. १८७४ साली त्यांचे पहिले प्रदर्शन भरले, तेव्हा पिसारोचे हिमकण पडलेले शेत पाहून, मळक्या कापडावर रंगाच्या पाटीची खरवड फासली आहे, अशी टिंगल एका टीकाकाराने केली. १८८६ पर्यंत अशी आठ प्रदर्शने झाली. आठही प्रदर्शनांत चित्रे ठेवणारा एकटा पिसारोच. चिकाटीला तोड नाही. पण चिकाटीने चूल पेटत नाही! आठ बाळंतपणे, एक मूल जन्मताच गेले, नऊ वर्षांची एक मुलगी त्याच १८७४ साली गेली. चित्रे खपत नव्हती. काही लेखकांनी ज्यूलीला कटकटी, पैशापैशासाठी कुरकुरणारी ठरवले आहे. उद्या पोरांच्या पानात काय वाढायचे, हा प्रश्न त्या लेखकांना कधी पडला होता काय?

१८८४ साली कुटुंब एप्त नदीकाठच्या एरान्यी या खेड्यात भाड्याने राहू लागले. तेथे मोकळी जागा होती, सफरचंदाची झाडे होती. ज्यूलीने भाजी लावली, कोंबड्या व ससे पाळले. ती मळेकऱ्याचीच लेक, मातीत हात घालायला लाजणारी नव्हे. पिसारो शेजारची कुरणे, शेतावर काम करणाऱ्या बायका रंगवी. सफरचंदे उतरवणाऱ्या बायकांचे त्याचे १८८८ सालचे चित्र आज अमेरिकेत डॅलस येथे आहे. ते एरान्यीचेच.

मग १८९२ साल उजाडले. मालकाने घर विकायचे ठरवले. पिसारो तेव्हा लंडनला ल्युसियाँकडे गेला होता. ज्यूलीने वाट पाहिली नाही. मोनेचे बरे चालले होते. १८९० साली त्याने जिव्हर्नीचे आपले घर विकत घेतले होते. ज्यूली सरळ त्याच्याकडे गेली आणि उसने पैसे मागितले. मोनेने पंधरा हजार फ्रँक दिले. नवऱ्याला कळले तेव्हा मित्रापुढे हात पसरावा लागला म्हणून तो ओशाळला, पण घर झाले. त्या काळच्या फ्रेंच कायद्याप्रमाणे विवाहित बाईला नवऱ्याच्या संमतीवाचून व्यवहार करता येत नसे. ही अट १९३८ साली उठली. अशा काळात तिने पाऊल उचलले. घर पाहावे बांधून म्हणतात. मागून मिळवलेल्या घराचीही किंमत काही कमी नसते.

मग तेथील कोठार दुरुस्त करून चित्रशाळा झाली. पिसारोच्या डोळ्याला विकार होता, वाऱ्याधुळीत उभे राहून काम करणे जड जाई. खिडकीशी बसून तो बाग, कुरण, झाडे रंगवी. बाहेरची ती बाग ज्यूलीच्या हाताखालची.

पिसारो १९०३ साली पॅरिसला वारला. ज्यूलीने धाकट्या पोल-एमिलला पोटापाण्याचा धंदा शिकायला लावले. त्याने मोटारींच्या कारखान्यात काम केले, लेसचे नमुनेही काढले, आणि अखेर तोही चित्रकारच झाला. वयात आलेल्या पाचही मुलांची तीच गत. ज्यूली मात्र १९२६ साली वारेपर्यंत एरान्यीच्या त्याच घरात राहिली.