पुरातून इंजिन उठवणारे मिस्त्री

पुरात बुडालेल्या इंजिनाचे बरेवाईट पूर ओसरल्यावर ठरते. ब्रह्मपुरीत डिझेल इंजिनांवर काम करता करता माझे केस पिकले आणि ही एक गोष्ट मनात पक्की बसली. वैनगंगेच्या अलीकडे ब्रह्मपुरी-नागभीड आणि पलीकडे वडसा-आरमोरी या पट्ट्यात बुडालेली यंत्रे पुन्हा चालती करणाऱ्या मिस्त्र्यांच्या दोन-तीन पिढ्या झाल्या. त्यांनी काहीच लिहून ठेवले नाही. जे शिकले ते हाताने शिकले आणि हातानेच पुढे दिले. त्यातले जे माझ्यापर्यंत आले, ते कागदावर यावे असे मला वाटते.

ही विद्या इथेच का वाढली, हे नदीकडे पाहिले की कळते. वैनगंगा मध्य प्रदेशातल्या सिवनी जिल्ह्यात उगम पावते, बालाघाट आणि भंडारा ओलांडून आमच्याकडे येते आणि खाली चपराळ्याजवळ वर्धेला मिळून प्राणहिता होते. वर पाऊस झाला की इथे ऊन असतानाही नदी चढते. मुख्य नदी भरली की गडचिरोलीकडून येणाऱ्या गाढवी, खोब्रागडी, कठाणी या नद्यांचे पाणी तुंबते, रपटे बुडतात. त्यात हा धानाचा सपाट मुलूख. पाणी बांध्यांमध्ये पसरते आणि हळूहळू ओसरते. म्हणून इथले यंत्र कधी कधी दिवसेंदिवस पाण्यात राहते आणि पाण्यासोबत बारीक गाळही पोटात घेते.

या काठावर आधी बुडाले ते ऑइल इंजिन. १९४६ साली पुण्यात किर्लोस्कर ऑइल इंजिन्स कंपनी उभी राहिली आणि पुढे पाच अश्वशक्तीचे एका सिलिंडरचे इंजिन गावोगाव पोचले. पावसाने दडी मारली की धान वाचवायला शेतकरी ते नदीच्या दरडीवर नेऊन बसवायचे. एका रात्रीत नदी चढली की ते जड धूड उचलून आणायला वेळच मिळत नसे. आमचे वस्ताद ही इंजिने दुरुस्त करतच मिस्त्री झाले. त्या इंजिनात ना बॅटरी, ना सेल (स्टार्टर). वरची डिकॉम्प्रेशनची कळ उचलायची, हँडल हळूहळू फिरवायचे आणि सिलिंडरमधले पाणी व्हॉल्व्हमधून बाहेर पडू द्यायचे. वस्तादांची पहिली ताकीद असे, "जोर नोको लावू गा, त्याले पानी सोडू दे."

या ताकिदीमागे साधे शास्त्र आहे. डिझेल इंजिनात पिस्टन वर येतो तेव्हा सिलिंडरभर हवा सोळाव्या-सतराव्या हिश्श्यात दाबली जाते. पाणी असे दाबले जात नाही. पिस्टनच्या डोक्यावर पाणी उभे असताना कोणी सेल मारला की सगळा जोर कनेक्टिंग रॉडवर येतो आणि रॉड वाकतो, कधी ब्लॉकही फुटतो. नदीने जे मोडले नसते, ते माणूस एका चावीत मोडतो.

दुसरा अध्याय जीपचा. मुंबईत महिंद्रांनी १९४७ साली विलीज जीप जुळवायला सुरुवात केली. चारही चाकांना जोर असलेली ही गाडी लाकूड, बांबू आणि तेंदूपत्त्याच्या मुलखात वनखात्याने आणि ठेकेदारांनी आणली. १९८२ च्या २६ ऑगस्टला गडचिरोली जिल्हा वेगळा झाला, पण तिकडच्या नाल्यांत अडकलेल्या कितीतरी जीपगाड्या दुरुस्तीला नदीच्या अलीकडेच येत राहिल्या. लढाईसाठी जन्मलेली ही गाडी पाण्याला नवखी नव्हती. जून १९४४ मध्ये नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर उतरवताना तिचे विजेचे भाग खास लेपाने बंद केले होते. आमच्या नाल्यात मात्र ती उघड्या अंगाने उतरे.

पेट्रोल जीप बंद पडे ती बहुधा डिस्ट्रिब्यूटर ओला झाल्याने. झाकण काढून पॉइंट पुसले, प्लग काढून हँडल मारले, सगळे वाळवले की ती बोलू लागे. डिझेल जीपला डिस्ट्रिब्यूटरच नसतो; तिचे दुखणे खोल, ॲक्सलमध्ये असे. लांबून पळत आलेल्या जीपचे ॲक्सल तापलेले असते. ते थंड पाण्यात उतरले की आतली हवा आकसते आणि ब्रीदरच्या बारीक भोकातून पाणी आत ओढले जाते. गाडी पलीकडे निघते, मालक निश्चिंत होतो आणि काही आठवड्यांनी डिफरन्शियल आवाज करू लागते. म्हणून नाला पार केलेल्या प्रत्येक जीपच्या दोन्ही ॲक्सलचे ऑइल तपासायचे, हा नियम आमच्या गॅरेजमध्ये वस्तादांच्या काळापासून आहे.

तिसरा अध्याय ट्रॅक्टरचा. महिंद्रांनी इंटरनॅशनल हार्वेस्टरसोबत काढलेला बी-२७५ हा साठच्या दशकातला ट्रॅक्टर आणि त्याचा पुढचा वंश यांनी हळूहळू नांगराच्या बैलांची जागा घेतली. धानात ट्रॅक्टरचे काम म्हणजे केजव्हील लावून चिखलणी. हबचे सील दर पावसाळ्यात पाण्यात भिजते. त्यामुळे गाळ कुठून शिरतो आणि काय खातो, हे इथल्या मिस्त्र्याला पूर न येताही ठाऊक असते.

तरीही २०२० सारखा प्रसंग आम्ही पाहिला नव्हता. ऑगस्ट संपताना वरच्या भागात जोरदार पाऊस झाला. भंडारा जिल्ह्यातल्या गोसेखुर्द धरणाचे सर्व ३३ दरवाजे उघडावे लागले. १९८८ मध्ये राजीव गांधींच्या हस्ते पायाभरणी झालेले हे धरण आमच्या वरच्या अंगाला आहे. लाडज, पिंपळगाव, बेलगाव, किन्ही अशी आमच्या काठची गावे पाण्यात गेली. लाडजला तर चारही बाजूंनी वैनगंगा. एनडीआरएफच्या बोटींनी माणसे काढली. रोवणी आटोपलेली होती, ट्रॅक्टर घरापुढे नाहीतर गोठ्याशेजारी उभे होते. कर्जाचे हप्ते सुरू असलेली ती यंत्रे स्टिअरिंगपर्यंत बुडाली.

पाणी उतरल्यावर आम्ही गावागावात गेलो. करोनाचे दिवस, नागपूरहून सुटे भाग वेळेवर मिळत नव्हते. आम्ही लोकांना दोन गोष्टी सांगत होतो. पहिली, सेल मारू नका. दुसरी ऐकून लोक चकित होत: जे इंजिन अजून पाण्याखाली आहे, ते उघडायची तयारी झाल्याशिवाय बाहेर ओढू नका. पाण्याखाली लोखंडाला हवा कमी मिळते, गंज मंद चालतो. ओले लोखंड उघड्या हवेत आले की लायनर काही तासांत लाल होऊ लागतो आणि रिंगा धरून बसतात. घाईने ओढून आणून दारात वाळत ठेवलेला ट्रॅक्टर आमच्या हाती आला तेव्हा इंजिन जाम झालेले असे.

कामाचा क्रम वस्तादांनी घालून दिलेलाच होता. आधी बॅटरी सोडवायची. स्वच्छ पाण्याने बाहेरचा गाळ धुवायचा, कारण एक बोल्ट उघडला की तोच गाळ आत पडतो. मग सगळे नोझल काढून फ्लायव्हील हाताने फिरवायचे. भोकांतून पाण्याच्या चिळकांड्या उडतात, त्या थांबेपर्यंत फिरवायचे आणि प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडे ऑइल सोडायचे. चेंबरचा, म्हणजे खालच्या ऑइलच्या टाकीचा, नट सैल केला की आधी पाणी येते, कारण ते तळाशी बसलेले असते. मागून ऑइल येते. ते दुधाच्या चहासारखे झाले असेल तर पाणी त्यात घुसळले गेले आहे, म्हणजे कोणीतरी इंजिन फिरवले आहे. एअर क्लिनर, डिझेलची टाकी, फिल्टर रिकामे करून साफ करायचे. गिअरबॉक्स आणि हौसिंगचे ऑइलही काढायचे. डायनॅमो आणि सेल उघडून आर्मेचर मंद आचेवर सुकवायचे. ताजे ऑइल भरून, डिझेलमधली एअर काढून इंजिन थोडा वेळ चालवायचे आणि ते ऑइल पुन्हा टाकून द्यायचे. इथे पैसे वाचवले की राहिलेला गाळ बेअरिंग खातो.

या वाटेने गेलेले बरेच ट्रॅक्टर त्याच हंगामात कामाला लागले. जे वाया गेले, त्यांतले बहुतेक आमच्या आधी कोणी चावी फिरवल्यामुळे गेले. वाकलेल्या रॉडचा खर्च ज्याच्या घरात धानही गेले आहे त्याने कुठून द्यायचा? विमा असला तरी साध्या पॉलिसीत असे नुकसान बहुधा बसत नाही. पाणी शिरल्यावर इंजिन चालवायचा प्रयत्न झाला, हे कारण कंपनी पुढे करते. म्हणून चावीला हात न लावणे हा शेतकऱ्याच्या पैशाचाही प्रश्न आहे.

आता यंत्रे बदलत आहेत. १ जानेवारी २०२३ पासून ५० अश्वशक्तीवरच्या नव्या ट्रॅक्टरना प्रदूषणाचे कडक नियम लागू झाले आणि त्यांच्यात कॉमन रेल, सेन्सर, कंट्रोल युनिट आले. जीपच्या वंशातल्या गाड्यांत हे आधीच आले होते. या यंत्रांत डिझेलचा दाब इतका प्रचंड असतो की पाण्याचा थेंब किंवा गाळाचा कण महागडे इंजेक्टर निकामी करतो. ती आम्ही गावात उघडू शकत नाही. पण पहिल्या दिवसाचे काम तेच आहे: बॅटरी सोडवणे, चावी न फिरवणे, पाणी काढणे. पुढची दुरुस्ती कंपनीची माणसे करतील, पण यंत्र त्यांच्यापर्यंत जिवंत पोचवणे गावातल्या माणसाच्या हाती आहे.

२०२० नंतरही आमच्या काठाने पूर पाहिले आणि यापुढेही येतील. म्हणून वस्तादांची विद्या आमच्या गॅरेजपुरती राहू नये, असे मला मनापासून वाटते. आयटीआयमध्ये डिझेल मेकॅनिकचे काम शिकणाऱ्या इथल्या मुलांना बुडालेले इंजिन एकदा तरी प्रत्यक्ष उघडून दाखवावे. नदीकाठच्या प्रत्येक ग्रामपंचायतीने मृग लागण्यापूर्वी ट्रॅक्टर उभे करायची उंच जागा ठरवावी. धरणाचे दरवाजे उघडणार अशी सूचना आली की माणसे आणि जनावरांनंतर यंत्रे तिकडे न्यावीत. जे हलवता येत नाही त्याची बॅटरी काढावी, टाकी डिझेलने काठोकाठ भरावी, एअर क्लिनरचे आणि सायलेन्सरचे तोंड प्लॅस्टिक आणि जुन्या ट्यूबच्या पट्टीने घट्ट बांधावे आणि चावी खिशात ठेवावी. एवढ्याने एका घरचा पुढचा हंगाम वाचू शकतो.