पहिली शॉटगन कशी निवडतात? गेज, धक्का आणि दस्त्याचं माप

भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकारीचा शौक संपलाच. अमेरिकेत मात्र बारा-तेरा वर्षांची मुलं आईवडिलांबरोबर पक्ष्यांच्या शिकारीला जातात. तिथला दुकानदार १८ वर्षांखालच्या मुलाला शॉटगन विकू शकत नाही, त्यामुळे निवड पालकच करतात. आणि पुष्कळदा फसतात: मूल लहान, म्हणून बंदूकही सगळ्यात लहान.

ही लहान बंदूक म्हणजे फोर-टेन. यातला .४१० हा आकडा नळीचा इंचातला व्यास आहे, गेज नाही. गेजचा हिशोब उलटा असतो. नळीत नेमक्या बसणाऱ्या शिशाच्या किती गोळ्या मिळून एक पौंड भरतो, तो आकडा म्हणजे गेज. म्हणून १२ गेजची नळी (१८.५ मिमी) २० गेजपेक्षा (१५.६ मिमी) मोठी. फोर-टेनच्या अडीच इंची काडतुसात साधारण १४ ग्रॅम छर्रे असतात, २० गेजमध्ये २५ च्या आसपास. छर्रे कमी, म्हणजे उडत्या पक्ष्याभोवती पडणारं जाळं विरळ. मग नेम चुकत राहतो, नाहीतर पक्षी जखमी होऊन निसटतो, जे जास्त वाईट. फोर-टेन खरं तर मुरलेल्या शिकाऱ्याच्या हातात शोभते.

मग धक्क्याचं काय? इथे न्यूटनचा तिसरा नियम आठवा. काडतूस तेच ठेवून बंदूक हलकी केली, तर ती जास्त जोरात मागे येते. म्हणून अडीच किलोची स्वस्त एकनळी खांद्याला सणसणीत लागते, आणि एकदा मूल दचकून डोळे मिटायला लागलं की ती सवय सुटता सुटत नाही. गॅसवर चालणारी सेमी-ऑटोमॅटिक जळलेल्या दारूचा थोडा गॅस पुढचं काडतूस चढवायला वापरते, त्यामुळे धक्का जरा जास्त वेळात पसरतो. ती महाग असते, साफसफाईही जास्त. तरी माझ्या मते २० गेजची अशी बंदूक आणि हलकी काडतुसं हीच जोडी बरी. सुरुवातीला तिच्यात एका वेळी एकच काडतूस भरायचं.

दस्त्याचं माप दुकानातच बघा. मोठ्यांच्या बंदुकीत चापापासून दस्त्याच्या टोकापर्यंत साधारण १४ इंच असतात, मुलांच्या मॉडेलमध्ये १२ ते १३. मूल बंदूक पेलायला कंबरेतून मागे झुकत असेल, तर ती त्याच्यासाठी लांब किंवा जड आहे.

घरात आधीच १२ गेज असेल तर एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. २० गेजची काडतुसं पिवळी असतात ती ओळखू यावीत म्हणूनच. पिवळं काडतूस चुकून १२ गेजमध्ये गेलं तर पुढे घसरून नळीत अडकतं, आणि मागून १२ चं भरून उडवलं की नळी फुटते. दोन्ही काडतुसं एका खिशात कधीच नकोत.