प्लास्टिकमधील धातू : एका सांध्याचा इतिहास

साच्यात घडविलेल्या वस्तूत धातूचा भाग जडविण्याचा प्रश्न विद्युत्-सामग्रीच्या कारखान्यांत प्रथम उद्भवला, असा सामान्यतः समज आहे. वस्तुतः तो त्याहून जुना आहे. १८५४ साली अमेरिकेत सॅम्युएल पेक याने चपडा लाख व लाकडाचा भुसा यांचे मिश्रण साच्यात दाबून डॅगेरोटाइप छायाचित्रांच्या पेट्या करण्याचे पेटंट मिळविले. ‘युनियन केस’ या नावाने प्रसिद्धी पावलेल्या या पेट्यांवरील नक्षी अत्यंत सुबक असे. त्यांचे मर्मस्थान होते ते बिजागरी. मिश्रण ठिसूळ, कड पातळ. धातू शाबूत राही आणि कडच तुटे. १८५६ साली अल्फ्रेड क्रिचलो याने कडेला कवेत घेऊन रिवेटने पक्क्या होणाऱ्या बिजागरीचे पेटंट घेतले. पुढे लिटलफील्ड, पार्सन्स आणि कंपनीने पेटीतील लेबलावर जाहिरात केली ती या बिजागरीची. नक्षीइतकाच सांधाही विकला जाऊ लागला होता!

मुख्यतः भारतातून जाणाऱ्या याच लाखेला पर्याय शोधताना लिओ बेकलंड बॅकेलाइटपर्यंत पोहोचला. १९०७ साली केलेल्या त्याच्या अर्जावर १९०९ मध्ये पेटंट मिळाले. बॅकेलाइट एकदा घट्ट झाले की उष्णतेने पुन्हा मऊ होत नाही. त्यामुळे स्क्रूसाठी लागणारा पितळेचा आटेदार तुकडा बहुधा आधीच तापलेल्या साच्यातील खिळीवर ठेवावा लागे. हे काम हाताचे. तुकडा निसटला तर पोलादी साचाच दुखावण्याची भीती. पदार्थ मात्र सोशिक होता. तापमान एक अंश सेल्सियसने बदलले की पितळ दहा लाखांत सुमारे १९ भाग प्रसरण वा आकुंचन पावते. भुसा मिसळलेले बॅकेलाइट साधारण ३० ते ४५. एवढा भेद सांधा सहन करी.

दुसऱ्या महायुद्धानंतर तापवून मऊ होणाऱ्या प्लास्टिकांचा प्रसार झाला, तेव्हा हा समतोल ढळला. दाबाने साच्यात पदार्थ भरण्याचे यंत्र हायट बंधूंनी १८७२ सालीच केले होते. १९४६ मध्ये जेम्स हेंड्री याने मळसूत्री यंत्र सिद्ध केल्यावर त्या पद्धतीला वेग आला. पण पॉलिकार्बोनेटसारख्या पदार्थाचे प्रमाण ६५ ते ७०. थंड होताना तो धातूभोवती आवळतो, धातू मागे सरत नाही, आणि भोवतालच्या भिंतीत कायमचा ताण कोंडला जातो. तडा लगेच जात नाही. तपासणीतून निर्दोष सुटलेली वस्तू काही महिन्यांनी ग्राहकाच्या हाती दुभंगते. तुकड्यावर राहिलेला तेलाचा अंशही त्यास पुरतो. अशा वेळी अधिक बळकट म्हणून पोलाद निवडण्याचा मोह होतो. हा मोह घातक होय. पोलादाचे प्रमाण १२ च असल्याने भेद उलट वाढतो. प्रश्न धातूच्या बळाचा नसून दोन पदार्थांच्या आकुंचनाचा आहे.

म्हणून तुकडा आधी तापवून ठेवणे, त्याभोवती पुरेशी जाड भिंत देणे, चौकोनी वा षट्कोनी आकार टाळणे असे उपाय रूढ झाले. पृष्ठभागावरील उभ्या खाचा पिळाला विरोध करतात, आडवी चर ओढीला. मात्र त्यांच्या कडा धारदार ठेवल्या तर तडा तेथूनच सुरू होतो.

अधिक मूलगामी उपाय १९६० नंतरच्या दशकांत रुळला. वस्तू आधी घडवावी, मग किंचित लहान ठेवलेल्या छिद्रात तुकडा उष्णतेने किंवा सेकंदाला सुमारे २० हजार श्राव्यातीत कंपनांनी उतरवावा. धातूलगतचा पातळ थरच वितळून खाचांत शिरतो व थिजतो. कोंडलेला ताण पुष्कळ कमी राहतो. बॅकेलाइटला हा मार्ग बंदच होता, कारण ते पुन्हा वितळत नाही. मराठी कारखान्यांत आट्यांना आटेच म्हणतात, पण इन्सर्ट हा शब्द साच्याबाहेर बसविलेल्या तुकड्यालाही तसाच चिकटून राहिला आहे. तथापि जोडणीच्या खटक्यांत अनेक बारीक पिना प्लास्टिकने सर्व बाजूंनी वेढलेल्या हव्या असल्या, तर त्या आजही आधी साच्यातच मांडतात.