फसलेल्या उद्योगांचे दफ्तर

विसाव्या शतकाच्या आरंभी बेळगावच्या एका लहानशा कारखान्यात लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर तयार केला, तेव्हा त्याला गिऱ्हाईक मिळेना. लोखंडाने जमीन विषारी होते असा शेतकऱ्यांचा समज होता, आणि पहिले नांगर खपावयास जवळजवळ दोन वर्षे लागली. पुढे बेळगावच्या नगरपालिकेला गावाच्या वाढीसाठी कारखान्याची जागा हवी झाली. औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी आपल्या संस्थानात कुंडल रोड स्टेशनजवळचा माळ देऊ केला, आणि 1910 साली तेथे किर्लोस्करवाडी वसली.

मराठी वाचकाला ही कथा परिचयाची आहे. मात्र ती सांगितली आहे ती बहुतांशी कारखान्याच्या बाजूने. किर्लोस्करांच्या घराण्यात लेखणीही नांगराइतकीच चालती होती. 1920 पासून त्यांचे स्वतःचे मासिक होते. ज्याने दोन वर्षे नांगर नाकारला, त्या शेतकऱ्याजवळ मासिक नव्हते. त्यामुळे त्याचे म्हणणे 'अडाणी समजूत' या दोन शब्दांत आटोपले गेले.

ते म्हणणे थोडे उलगडून पाहावयास हवे. लाकडी नांगर गावचा सुतार करी, त्याचा फाळ लोहार शेवटी, आणि दोघांनाही सुगीच्या वेळी खळ्यावर बलुते मिळे. रोख पैशाचा प्रश्न क्वचितच उद्भवे. लोखंडी नांगराला रोख रक्कम मोजावी लागे. तो ओढावयास बैल अधिक लागत. आणि ओतीव लोखंडाचा भाग तुटला तर गावचा भाता आणि ऐरण त्यापुढे निरुपयोगी ठरत, नवा भाग कारखान्यातूनच मागवावा लागे. हा हिशेब ज्याने मनात केला त्याने 'लोखंड विषारी' म्हणून विक्रेत्याला वाटेला लावले असेल, तर त्याला केवळ अडाणी म्हणता येत नाही. उलट, काळ्या जमिनीत हरळी किंवा कुंदा माजला म्हणजे खोल नांगरटीवाचून इलाज नसे, आणि तेथे लाकडी नांगराचे काही चालत नसे. मग पहिले नांगर नेमके कोणी घेतले? चार-चार बैलजोड्या बाळगणाऱ्या मोठ्या खातेदारांनी, की तगाई काढून एखाद्या धाडसी कुणब्याने? याचे उत्तर चरित्रग्रंथांत सापडणार नाही. ते सापडले तर विक्रीच्या वह्यांत, तालुक्याच्या तगाईच्या दफ्तरात आणि जुन्या सहकारी पतपेढ्यांच्या खतावण्यांत सापडेल.

नवे यंत्र किंवा नवी प्रक्रिया हाती घेऊन धंदा उभारणाऱ्यांच्या अभ्यासाला आज तंत्रोद्योजकतेचे संशोधन म्हणतात. या अभ्यासाचा वंश जुना आहे. शुंपेटर या ऑस्ट्रियन अर्थशास्त्रज्ञाने 1911 साली आर्थिक विकासाच्या केंद्रस्थानी उद्योजकाला बसविले. हार्वर्ड विद्यापीठात 1948 ते 1958 अशी दहा वर्षे उद्योजकतेच्या इतिहासाचे एक स्वतंत्र संशोधनकेंद्र चालले. भारतात अहमदाबादच्या व्यवस्थापन संस्थेत द्विजेंद्र त्रिपाठी यांनी या विषयाला आयुष्य वाहिले. मात्र दीर्घकाळ या अभ्यासाचा भर उद्योजक कोणत्या जातीतून आला, त्याने भांडवल कोठून आणले, यावर राहिला. यंत्र स्वतः काहीसे पडद्याआड राहिले. डेव्हिड आर्नल्ड यांनी 2013 साली सायकल, शिवणयंत्र, टंकलेखनयंत्र, भातगिरणी यांचा भारतातील इतिहास लिहिला, आणि रॉस बॅसेट यांनी 2016 साली मॅसॅच्युसेट्सच्या तंत्रसंस्थेत शिकलेल्या भारतीयांचा माग काढला, तेव्हा हा पडदा बराचसा सरला. लक्ष्मणरावांचे चिरंजीव शंतनुराव हे 1926 साली त्याच संस्थेतून पदवी घेऊन परतले होते.

तथापि ज्यांचे काम तडीस गेले नाही, त्यांचा माग कसा काढावयाचा हा प्रश्न राहतोच. शंकर आबाजी भिसे यांचे उदाहरण घेण्यासारखे आहे. ते 1867 साली मुंबईत जन्मले, म्हणजे लक्ष्मणरावांहून दोन वर्षांनी वडील. छापखान्याचे खिळे वेगाने ओतणारे यंत्र त्यांनी लंडनमध्ये सिद्ध केले. दादाभाई नौरोजींनी त्यांना आधार दिला, पुढे टाटांचे भांडवलही मिळाले, तरी तो उद्योग तगला नाही. भिसे अमेरिकेस गेले आणि 1935 साली न्यूयॉर्क येथे वारले. कल्पकतेत ते कोणाहून उणे होते असे वाटत नाही. त्यांना पंतप्रतिनिधी भेटले नाहीत असेही म्हणता येत नाही, कारण आश्रयदाते त्यांना लाभलेच होते. उणीव असलीच तर वेगळी दिसते: कुंडलच्या माळावर गिऱ्हाईक बैलगाडीच्या वाटेवर होते, आणि भिशांचे गिऱ्हाईक बड्या यंत्रकंपन्यांनी आधीच व्यापलेल्या बाजारपेठेत होते. हा तर्क पडताळून पाहावयास तरी साधन उरले आहे, कारण दादाभाईंनी आपला पत्रव्यवहार जपून ठेवला आणि तो दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात पोचला. अयशस्वी संशोधकाची पत्रे टिकली ती एका थोर राजकीय पुरुषाच्या कागदांत, हा योगायोगच म्हणावयाचा.

योगायोगावर न विसंबणारे एक दफ्तर मात्र देशात आहे, ते पेटंटचे. 1856 च्या कायद्याखाली पहिला अर्ज कलकत्त्याच्या जॉर्ज डिपेनिंग यांनी केला, आणि तो होता पंखा ओढण्याच्या यंत्रासाठी. साहेबाच्या डोक्यावरचा पंखा ओढणाऱ्या माणसाची जागा यंत्राने घ्यावी, हा भारतीय पेटंटचा श्रीगणेशा! यंत्र पुढे खपले की गंजले याची पर्वा हे दफ्तर करीत नाही. दोघांनाही तेथे सारखीच जागा मिळते.

आजच्या उद्योगांची स्थिती याहून नाजूक आहे. डॉ. हॅरल्ड मान यांनी 1917 साली पुण्याजवळच्या पिंपळे सौदागर या खेड्याची जमीन, पीक आणि कर्ज यांची पाहणी प्रसिद्ध केली; म्हणून त्या काळच्या तेथील कुणब्याचे घर आजही डोळ्यांपुढे उभे राहते. आता त्याच पिंपळे सौदागरात हिंजवडीच्या संगणक-कंपन्यांत काम करणाऱ्यांचे उंच इमले आहेत. तेथील एखाद्या तरुणाने चार मित्रांसह काढलेली कंपनी दोन वर्षांत मिटली, तर तिच्या कल्पना, भांडणे, बेत आणि गिऱ्हाइकांचे नकार विजेच्या पत्रांत असतात, आणि भाडे थकले की ती पत्रे पुसली जातात. 2013 च्या कंपनी कायद्याने हिशेबाची पुस्तके सामान्यतः आठ वर्षे जपण्याचे बंधन घातले आहे. त्यानंतर ती ठेवावयाची की रद्दीत घालावयाची, हे मालकाच्या मर्जीवर असते. 2016 साली सरकारने नवोद्योगांना उत्तेजन देण्याची मोहीम काढली; त्या वर्षी निघून अल्पावधीतच बुडालेल्या कंपन्यांच्या वह्यांची मुदत आता भरत आली आहे.